घाटमाथ्यावरचा कर्णनाद

घेरंडसंहितेत भ्रामरी कुंभकाची वेळ नेमून दिली आहे. अर्धी रात्र उलटून गेलेली असावी. जागा अशी असावी, की तिथे कुठल्याही प्राण्याचा आवाज येत नाही. अशा वेळी साधकाने दोन्ही हातांनी कान झाकावेत, श्वास आत घ्यावा आणि रोखून धरावा. मग उजव्या कानात आतला आवाज उमटू लागतो. पहिला येतो तो रातकिड्यांचा. त्यामागून बासरी, मेघगर्जना, झर्झर, भुंगा, घंटा, काशाचं भांडं, तुतारी, भेरी, मृदंग अशी रांग लागते.

कान-नाक-घशाच्या कोणत्याही डॉक्टरला हे वर्णन ओळखीचं वाटेल. ‘दिवसभर काही जाणवत नाही, रात्री पाठ टेकली की कानात रातकिडे ओरडायला लागतात,’ असं सांगणारी माणसं त्यांच्याकडे नेहमी येतात. कुणी म्हणतं कान वाजतात, कुणी म्हणतं कुई होते, कुणाला दूरवर शिटी वाजल्यासारखं वाटतं. वेळ तीच, आवाजही तोच. योग्याने तो ऐकण्यासाठी झोप सोडली होती, आणि या माणसांची झोप त्याच आवाजाने मोडते.

घेरंडसंहिता सतराव्या-अठराव्या शतकातली मानतात. स्वामी दिगंबरजी आणि डॉ. म. ल. घरोटे यांनी तिची पाठभेदांसह तयार केलेली आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९७० साली दिगंबरजी आणि पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी हठप्रदीपिकेची आवृत्ती काढली होती. स्वात्मारामाच्या त्या ग्रंथातल्या चौथ्या उपदेशाचा मोठा भाग नाद ऐकण्याविषयीच आहे. दोन्ही पुस्तकं लोणावळ्याच्या कैवल्यधामाची. घाटमाथ्यावरचं हे गाव तोवर शंभरहून अधिक वर्षं रेल्वेच्या आवाजात राहत होतं. शांतता शोधणारे आणि गोंगाट घेऊन येणारे, दोघांचीही लोणावळ्याभोवतीच्या मावळात दोन हजार वर्षं ये-जा आहे. कानातला आवाज ठरावीक वेळीच मोठा का वाटतो, हे समजून घ्यायला या मुलखाचा इतिहास पुष्कळ मदत करतो. कारण आतला आवाज मोठा की लहान, हे बाहेर किती आवाज आहे त्यावर फार अवलंबून असतं, आणि मावळात बाहेरचा आवाज पुनःपुन्हा बदलत गेला.

सुरुवात लेण्यांपासून करावी लागते. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी कोकणातून देशावर चढणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेच्या आसपास आहेत. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आहे. दगडात कोरलेल्या त्या दालनात एक शब्द उच्चारला, तरी तो बराच वेळ घुमत राहतो. तिथल्या एका शिलालेखात उषवदात नावाच्या दात्याने करजिक हे गाव दान दिल्याची नोंद आहे. वलूरक, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी ते दान होतं. सातवाहनांच्या काळातल्या दुसऱ्या एका लेखात मामाल इथल्या अमात्याला आज्ञा दिलेली आहे. तो मामाल म्हणजेच आजचा मावळ.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढायचे. व्यापाऱ्यांचे तांडे थांबलेले, वाटा चिखलाने बंद झालेल्या, भिक्षू डोंगराच्या पोटात. पण तो काळ निःशब्द असेल असं समजायचं कारण नाही. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लेण्याच्या तोंडावरून पाण्याची धार रात्रंदिवस पडत असताना कानातला बारीक आवाज ऐकू येणं अवघड असणार. पुढे हिवाळ्यातल्या रात्री मात्र त्याच विहारांत कमालीच्या शांत असतील.

एकांताची ही ओढ मावळात पुढेही टिकली. संत तुकाराम चिंतनासाठी ज्या भंडारा डोंगरावर बसत, तो मावळ तालुक्यातच, इंदुरीजवळ आहे. अनाहत नादाची कल्पना तर मराठी माणसाला त्याच्याही आधीपासून ठाऊक होती, कारण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वाटचालीत हा नाद येतो. पण याच मुलखात ढोलाचीही जुनी परंपरा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला कोळी समाज पालख्या घेऊन गड चढतो, तेव्हा तोच डोंगर वाद्यांनी दणाणतो. ज्याने अशा गर्दीत ढोलाच्या अगदी जवळ उभं राहून चार तास काढले आहेत, त्याला रात्री कान बधिर होऊन आत सूं असा आवाज येत राहणं ठाऊक असतं. बहुतेकदा तो एक-दोन दिवसांत जातो. काहींचा जात नाही.

वैद्यांनी या आवाजाची नोंद योग्यांच्या आधी घेतली होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाच्या अठ्ठावीस रोगांची गणना आहे आणि त्यांत कर्णनाद आहे. माधवनिदानात कर्णनादाचं लक्षण सांगताना भेरी, मृदंग आणि शंख यांचे आवाज दिले आहेत. कर्णक्ष्वेड हा वेगळा रोग मानून त्यात बासरीसारखा आवाज येतो असं म्हटलं आहे. आता हठप्रदीपिकेतली यादी पाहा. अभ्यासाच्या सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी आणि झर्झर. मग मर्दल, शंख, घंटा आणि काहल. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंगा. भेरी, शंख, बासरी दोन्हीकडे आहेत, आणि चामड्याचं हाताने वाजवायचं वाद्यही. एका पुस्तकात त्यांचं नाव रोग आहे, दुसऱ्यात प्रगतीची खूण.

म्हणजे योगी ज्याला नाद म्हणत, तो निव्वळ कर्णनादच होता का? तसं म्हणणं घाईचं होईल. योगग्रंथांत या श्रवणाला आसन, श्वास, मुद्रा आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास यांची चौकट आहे, आणि आवाज स्थूलाकडून सूक्ष्माकडे जातो असा क्रम आहे. रुग्णाचा आवाज असा क्रम पाळत नाही. पण ज्या परिस्थितीत हे आवाज ऐकू येतात ती दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती परिस्थिती घेरंडसंहितेने अचूक पकडली आहे: उशिराची रात्र, निर्मनुष्य जागा, झाकलेले कान, आत वळलेलं लक्ष. आधुनिक प्रयोगशाळेला याहून वेगळं काही करावं लागलं नाही.

वैद्यांकडे तर वेळेचा हिशेबही होता. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात वात, पित्त आणि कफ यांच्या वेळा वाटून दिल्या आहेत. वयाचा, दिवसाचा, रात्रीचा आणि पचनाचा शेवटचा भाग वाताचा. कर्णनाद वाताचा रोग मानला गेल्यामुळे तो उतारवयात, तिन्हीसांजेला आणि पहाटे बळावणार, असं या मांडणीतून आपोआप निघतं. वाताच्या सिद्धांताला आजच्या शरीरशास्त्रात जागा नाही. तरी उतारवय आणि पहाट या दोन्ही ठिकाणी जुन्या वैद्याचं निरीक्षण आजच्या आकड्यांशी जुळतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मग घाटात सुरुंग वाजू लागले.

बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत सुरू झाला. तोवर घाट म्हणजे बैल, तट्टू आणि पालख्यांची वाट होती. खरी उलथापालथ झाली ती रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या बोरघाटातल्या कामाला १८५६ च्या जानेवारीत सुरुवात झाली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. मजुरीवरून दंगा झाला, फॅव्हिएलने १८५९ मध्ये काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, हिंदुस्थानात पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि आपल्या अभियंत्यांकरवी पुरं करून दाखवलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि कुठे कुठे सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र चढ.

१८६१ साली या कामावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर होते. कॉलऱ्याने, दरडींनी आणि स्फोटांनी किती माणसं गेली याच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. कानांची गोष्ट मात्र त्यांत नसते. बेसॉल्टच्या बोगद्यात, बंद जागेत, हातोडा आणि पहारीने भोक पाडायचं, दारू ठासायची, बत्ती द्यायची, धूर निवला की पुन्हा आत शिरायचं. सात वर्षं हे चाललं. अशा स्फोटाच्या धक्क्याने आतल्या कानाला काय होतं, हे आज पक्कं माहीत आहे. त्या हजारो माणसांपैकी कितीजणांच्या कानात पुढे जन्मभर आवाज राहिला असेल, हे विचारायला तेव्हा कुणी गेलं नाही. कापडी बोळ्यापलीकडे कानाला संरक्षण देण्याची कल्पनाही नव्हती.

हा प्रश्न पद्धतशीर विचारला गेला तो १८८६ साली, ग्लासगोमध्ये. डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांची श्रवणशक्ती तपासली. निरोगी माणसाइतकं ऐकू येणारा त्यांत एकही निघाला नाही. लोखंडाच्या पोकळ पिंपात शिरून रिव्हेटवर हातोडा घालण्याचं ते काम, आणि तशाच बॉयलरवर जगभरच्या आगगाड्या धावत होत्या. बोरघाट चढणाऱ्याही.

वाफेच्या काळात लोणावळ्याच्या रात्रीला गाडीचं वेळापत्रक मिळालं. चढावर धापा टाकणारी इंजिनं, उतारावर करकरणारे ब्रेक, पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येणारी शिटी. पण दोन गाड्यांच्या मधे पुन्हा गावंढी शांतता. अशी रात्र सलग गोंगाटाच्या रात्रीहून वेगळी असते. मोठा आवाज अचानक थांबला, की कानातला आवाज आधीपेक्षा ठळक वाटतो, कारण मेंदूला तुलना मिळते. पुढे टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवता इथे पाणी अडवलं, १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर चालू झालं. १९२९ च्या सुमारास पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर आला, आणि १ जून १९३० रोजी सुटलेली डेक्कन क्वीन पहिल्या दिवसापासून विजेच्या इंजिनावर घाट चढली. वाफेची धाप गेली. जड गाड्यांना कर्जतहून मागून रेटणारी बँकर इंजिनं मात्र आजही घाटात घुमतात.

या दोन काळांच्या सांध्यावर जगन्नाथ गणेश गुणे लोणावळ्यात आले. जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. संस्कृतात जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले, बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले, अमळनेरला शिक्षणकार्य केलेले आणि नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासजींकडे योग शिकलेले. स्वामी कुवलयानंद म्हणून त्यांना जग ओळखतं. त्यांना एकच प्रश्न सतावत होता. योगग्रंथ शरीराविषयी जे सांगतात ते यंत्रावर मोजून दाखवता येईल का? १९२० नंतर बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासून पाहिल्या. १९२४ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याला, लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झालं. एकाच अंकात दाबमापकाची वाचनं आणि संस्कृत श्लोकांचा अर्थ, असं ते पत्र होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन १९३० च्या दशकात इथे येऊन शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या वैज्ञानिक परीक्षणावर पुस्तक लिहिलं.

कुवलयानंदांचं खरं मोठेपण त्यांच्या सावधपणात आहे. शीर्षासनासारख्या आसनांचा गौरव करतानाच, कान वाहत असेल तर ती करू नयेत, असं ते बजावत. चमत्काराच्या भाषेपासून ते दूर राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. नंतरच्या पिढीने हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता हस्तलिखितांशी ताडून छापल्या, त्यामागे तीच शिस्त होती. मध्यरात्री कान झाकून बसायला सांगणारा श्लोक नेमका कसा आहे, कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, हे आधी ठरवायचं. मग त्याचा अर्थ.

तो श्लोक खरा की खोटा, याची परीक्षा नकळत अमेरिकेत होऊन गेली होती. १९५३ साली मॉरिस हेलर आणि मो बर्गमन यांनी उत्तम ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काही ऐकू आलं तर लिहायला सांगितलं. यांपैकी कुणाचीही कानाची तक्रार नव्हती. तरी ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं, आणि त्यांनी लिहिलेली वर्णनं कर्णनादाच्या रुग्णांच्या वर्णनांसारखीच होती. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा प्रमाण कमी भरलं, पण अनेकांना काही ना काही ऐकू आलंच. म्हणजे निरोगी माणसालाही पुरेशी शांतता दिली, तर त्याच्या आतून आवाज येतो. घेरंडसंहितेच्या कर्त्याने हीच खोली मध्यरात्र आणि दोन तळहात यांच्या साह्याने बांधली होती.

हा आवाज कुठून येतो? आतल्या कानाच्या शंखात साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. बाहेरचा कंप त्या विजेच्या संकेतात बदलतात. गोंगाटाने, वयाने, काही औषधांनी त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. एखाद्या पट्टीतले संकेत येईनासे झाले, की मेंदूतली श्रवणकेंद्रं त्या पट्टीची संवेदनक्षमता वाढवतात. रेडिओवर दूरचं स्टेशन लागेना म्हणून आवाजाचं बटण पिळावं आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हावी, तसं काहीसं होतं. बहुतेक रुग्णांचा कर्णनाद या मेंदूच्या पातळीवरचा असतो. श्रवणतंतू शस्त्रक्रियेत कापावा लागलेल्या अनेकांचा आवाज नंतरही चालू राहतो, तो यामुळेच.

रात्र झाली की बाहेरची गाणी बंद होतात. रस्ता, भांडी, माणसं, टीव्ही, पंखा यांतून दिवसभर जो आवाजाचा थर असतो, तो आतल्या बारीक आवाजाला झाकत असतो. तो थर निघाला, की आतला आवाज तेवढाच असून मोठा होतो. शिवाय रात्री लक्षाला दुसरं काम उरत नाही. आवाजाची भीती वाटू लागली, की मेंदू त्याला धोक्याची सूचना समजून आणखी लक्ष देतो, झोप येत नाही, आणि न झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आवाज अधिक बोचतो.

पण सगळंच शांततेवर घालता येत नाही, आणि हे अलीकडे कळलं. युरोपातल्या संशोधकांनी मोबाइलवर दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून रुग्णांकडून त्या त्या क्षणाची नोंद घेतली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५० जणांच्या १७,२०९ नोंदी होत्या. मध्यरात्री बारा ते सकाळी आठ या वेळात आवाज दिवसापेक्षा मोठा वाटतो आणि अधिक त्रास देतो, असं त्यांतून निघालं. त्या वेळचा ताणतणाव हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. म्हणजे शरीराच्या आत दिवस-रात्रीचं काहीतरी चालू आहे.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बार्बरा कॅनलन यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांच्या कानातल्या शंखात स्वतंत्र जैविक घड्याळ चालतं हे दाखवून दिलं. तोच गोंगाट दिवसा ऐकवला तर उंदरांची श्रवणशक्ती भरून आली; रात्री, म्हणजे त्यांच्या जागेपणी, ऐकवला तर नुकसान कायमचं राहिलं. माणसात हे घड्याळ कर्णनादाला कसं वरखाली करतं याचा शोध चालू आहे. सकाळच्या आवाजाची एक वेगळी शक्यताही डॉक्टर विचारतात. जबड्याचे आणि मानेचे संवेदनतंतू मेंदूच्या बुंध्याशी श्रवणतंतूंना भेटतात, म्हणून झोपेत दात खाणाऱ्या माणसाचा आवाज उठल्या उठल्या जास्त असू शकतो. काहींना दुपारची डुलकी काढून उठल्यावर आवाज चढलेला आढळतो, आणि फ्रान्समध्ये यावर खास अभ्यास झाला आहे. रविवारी जेवणानंतर ताणून देणाऱ्या माणसाने ही नोंद स्वतःपुरती करून पाहावी.

लोणावळ्याची आजची रात्र आता दोन तऱ्हांची असते. सोमवार ते गुरुवारची एक, शनिवारची दुसरी. २००२ मध्ये पूर्ण झालेला साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग गावाला खेटून जातो आणि त्याची घरघर थांबत नाही. शनिवारी त्यावर बंगल्यांतल्या स्पीकरांची भर पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्र दिवसापेक्षा शांत असण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तो मोडला जातो, ही संतापजनक गोष्ट आहे. कर्णनादाच्या रुग्णाला आवाज हवा असतो म्हणून कुणी या गोंगाटाचं समर्थन करू नये. त्याला हवा असतो मंद, सारखा आणि अर्थ नसलेला आवाज. धडधडणारा ठेका कर्णनाद झाकत नाही, नवा निर्माण करतो.

२०२० च्या वसंतात एकदाच सगळं थांबलं. टाळेबंदीत द्रुतगती मार्ग रिकामा होता, म्हणूनच ५ एप्रिल रोजी १८३० सालचा अमृतांजन पूल नियंत्रित स्फोटाने पाडता आला. माल्कमच्या रस्त्याची एक मोठी खूण अशी सुरुंगानेच गेली. त्या आठवड्यांत घाटमाथ्यावर जी शांतता होती, ती जुन्या माणसांनाही अनोळखी होती. कान वाजणाऱ्यांसाठी मात्र असे दिवस कठीण असतात, कारण रात्रीची परिस्थिती त्यांना दिवसाही भोगावी लागते.

मावळाचा खरा उपचार पाऊस आहे, असं म्हटलं तर ते भावुक वाटेल, पण त्याला जुना वैद्यकीय आधार आहे. पॅरिसचे डॉक्टर जाँ-मारी इतार्द यांनी १८२१ साली कानाच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात, आतल्या आवाजाच्या जातीचा बाहेरचा आवाज शोधून रुग्णाच्या निजायच्या खोलीत ठेवा असं सांगितलं आहे. घुमणाऱ्या आवाजाला धगधगती शेकोटी, फुसफुसणाऱ्याला ओली लाकडं, किणकिणाऱ्याला तांब्याच्या भांड्यात पडणारी पाण्याची धार. एका रुग्ण बाईला तर त्यांनी पाणचक्कीजवळ राहायला पाठवलं. जुलैतल्या लोणावळ्यात पत्र्याखाली झोपणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. बेडकांची आणि पागोळ्यांची एकसारखी साथ पहाटेपर्यंत असते. वाग्भटाच्या हिशेबात मात्र पावसाळा हाच वाताच्या प्रकोपाचा ऋतू. तो सिंधूकाठच्या नव्हे, या घाटाच्या पावसात राहिला असता, तर कर्णनादापुरता त्याने अपवाद लिहिला असता, असं वाटून जातं.

ऑक्टोबरात पाऊस गेला की हा पडदा सरतो, आणि तेव्हा मदत करावी लागते. खोलीत पंखा हळू चालू ठेवणं, उशाजवळ पाण्याच्या किंवा पावसाच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण अगदी बारीक लावणं, इतकंही पुष्कळांना पुरतं. आवाज आतल्यापेक्षा किंचित खालीच असावा, म्हणजे मेंदू दोन्हींकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आवाज गेला नाही तरी त्याचा जाच कमी व्हावा यासाठी सर्वांत चांगला पुरावा विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराचा आहे. गुंजन करत भ्रामरी करणाऱ्याला क्षणभर आराम वाटतो, कारण स्वतःचा घुमणारा आवाज आतल्याला झाकतो. पण रुग्णाने ती दिवसाउजेडी, इतर आवाजांत करावी. निजानीज झाल्यावर कान झाकून आत काय वाजतंय हे शोधत बसण्याची साधना त्याच्यासाठी नाही.

ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्या बाबतीत श्रवणयंत्राने दोन कामं होतात. बोलणं कळतं, आणि बाहेरचा आवाज वाढल्यामुळे कर्णनाद मागे पडतो. हीच माणसं रात्री झोपताना यंत्र काढून डबीत ठेवतात आणि पाच मिनिटांत तक्रार करतात, की आवाज दुप्पट झाला. घरच्यांनी घाबरू नये. तो दुप्पट झालेला नसतो. मात्र आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, चक्कर येत असेल, किंवा एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर सकाळ-संध्याकाळचा हिशेब न मांडता कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं. अचानक गेलेल्या श्रवणशक्तीवर पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू झालं, तर ती परत येण्याची शक्यता अधिक असते.